युक्का ओळखताना पानाची कड का पाहावी

सहा वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून 'युक्का फिलामेंटोसा' अशी चिठ्ठी लावलेले एक रोप मी आणले आणि पुढची चार वर्षे त्याला त्याच नावाने हाक मारत राहिले. पाचव्या वर्षी त्याला पहिला फुलोरा आला. त्याच्या दांड्यावरून सहज बोट फिरवले, तर बोटाला बारीक लव लागली. फिलामेंटोसाचा दांडा बहुधा गुळगुळीत असतो. अशी लव असते ती तिच्या जवळच्या नातलगाच्या, म्हणजे युक्का फ्लॅक्सिडाच्या दांड्यावर. त्याच दिवशी भिंग घेऊन पाने तपासली, तेव्हा लक्षात आले की जे कळण्यासाठी आपण फुलोऱ्याची वाट पाहिली, ते पानाच्या कडेवर पहिल्या दिवसापासून दिसत होते. फक्त आपण कधी वाकून पाहिले नव्हते.

तेव्हापासून दिसेल त्या युक्काची आधी कड पाहायची, अशी सवय मला लागली आहे. झाडाची उंची, पानांचा रंग आणि एकूण डौल यांवरून नाव सांगण्याचा मोह मोठा असतो, पण या वंशात या तिन्ही गोष्टी वारंवार फसवतात. एकाच जातीचे झाड सावलीत हिरवे आणि कडक उन्हात निळसर दिसते. ज्या जातीला पुढे दोन पुरुष उंच खोड येते, तिची पाच वर्षांची रोपे जमिनीला टेकलेल्या झुपक्यासारखी असतात.

युक्का हा मूळचा उत्तर व मध्य अमेरिकेतला आणि कॅरिबियन बेटांवरचा वंश असून त्यात साधारण चाळीस ते पन्नास जाती मानल्या जातात. आकड्यातली ही सैल जागाच पुरेशी बोलकी आहे, कारण कोणती जाती स्वतंत्र आणि कोणती दुसरीचा केवळ प्रकार, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. नावापासूनच गोंधळ आहे. कसावाच्या कंदाला कॅरिबियन भागात 'युका' म्हणत. ते नाव चुकून या झाडाला चिकटले आणि 1753 साली वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने ते पक्के केले. त्याने तेव्हा वर्णिलेल्या चार जातींपैकी ग्लोरिओसा, ॲलोइफोलिया आणि फिलामेंटोसा या तीन आजही टिकून आहेत आणि चौथी, ड्रॅकोनिस, ॲलोइफोलियातच जमा झाली आहे. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या जातींनी खुद्द लिनियसलाही चकवले होते, एवढे समाधान आपल्याला मानता येते.

वर्गीकरणाच्या पुस्तकी कोष्टकात पहिला प्रश्न फळाचा असतो. काही जातींचे फळ मांसल असते आणि पिकल्यावर लोंबते. काहींचे कोरडे बोंड होते, ते वरून तीन फाकांनी उकलते आणि आत चकत्यांसारख्या पातळ काळ्या बिया एकावर एक रचलेल्या दिसतात. आणि जोशुआ वृक्ष म्हणवल्या जाणाऱ्या वाळवंटी युक्कांचे फळ हलके, स्पंजासारखे असून आपणहून उकलत नाही. हा विभाग उत्तम आहे, पण बागेत तो सहसा हाती लागत नाही. युक्काचे परागण टेजेटिक्युला या वंशातले छोटे पतंग करतात. मादी आपल्या तोंडाजवळच्या खास अवयवांनी परागाचा गोळा करते, फुलाच्या किंजपुटात, म्हणजे बिया धरणाऱ्या भागात अंडी घालते आणि मग कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर जाऊन तो पराग जाणूनबुजून दाबून बसवते; तिच्या अळ्या पुढे थोड्या बियांवर वाढतात आणि उरलेल्या बिया झाडाच्या वाट्याला येतात. 1872 च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ एंगलमान आणि कीटकशास्त्रज्ञ रायली या दोघांनी हा व्यवहार उजेडात आणला. हे पतंग अमेरिकेबाहेरच्या बागांत नाहीत, त्यामुळे तिथे फुले येतात आणि बहुतेक सगळी गळून जातात. ॲलोइफोलिया याला काहीसा अपवाद आहे, कारण तिचे परागण मधमाश्यांकडूनही होऊ शकते.

कुंचल्याने हातपरागण करून बोंडे धरता येतात. मी दोनदा केले आहे. त्यात एक गंमत कळली. जंगलातल्या बोंडांना मधोमध कंबर आवळल्यासारखी खाच असते आणि ती जातीचे लक्षण आहे असे मला वाटत असे. प्रत्यक्षात ती खाच पतंगाने अंडी घालताना केलेल्या छिद्रामुळे पडते. हाताने परागण केलेली बोंडे सरळ आणि भरीव येतात. तेव्हा फळ मिळाले तरी त्याच्या आकारावर लगेच विसंबू नये.

उरते ती कड. पान बोटांत धरून उजेडाकडे करावे आणि भिंगातून पाहावे; दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ढोबळपणे तीन गोष्टींपैकी एक दिसते. एक तर कडेपासून पांढरे किंवा तपकिरी तंतू सुटलेले असतात, कधी केसाइतके बारीक, कधी रंध्याने काढलेल्या लाकडाच्या भुशासारखे जाड आणि कुरळे. किंवा कड करवतीसारखी बारीक दातेरी असते; हे दाते डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, पण नख टोकाकडून बुडख्याकडे ओढले की खरखर जाणवते. किंवा मग कडेला शिंगासारख्या पदार्थाची पातळ, पिवळट, अर्धपारदर्शक पट्टी असते. हे पाहताना मधल्या वयाचे पान घ्यावे. अगदी कोवळ्या पानाचे तंतू अजून सुटलेले नसतात आणि अगदी जुन्या पानाचे वाऱ्यापावसात झडून गेलेले असतात. माझी सुरुवातीची निम्मी अनुमाने चुकली ती खालची, हाताला सहज लागणारी पाने पाहिल्यामुळे.

आता त्या पहिल्या जोडीकडे येऊ. फिलामेंटोसा आणि फ्लॅक्सिडा या दोन्ही अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या, दोन्ही बिनखोडाच्या, दोन्हींच्या कडेला तंतू. फिलामेंटोसाचे पान रुंद आणि ताठ असते, टोकाजवळ ते एकदम निमुळते होते आणि बरेचदा चमच्यासारखे किंचित खोलगट दिसते. तिचे तंतू जाड आणि कुरळे असतात. फ्लॅक्सिडाचे पान अरुंद, बुडापासून टोकापर्यंत हळूहळू निमुळते होत जाणारे आणि मध्याच्या पुढे मोडल्यासारखे वाकणारे असते. तंतू बारीक आणि बरेचसे सरळ असतात. तिच्या नावाचा अर्थच 'लुळी' असा आहे. 1819 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हॅवर्थने ती वेगळी जाती म्हणून नोंदवली, तरी तिला फिलामेंटोसातच घालणारे अभ्यासकही आहेत. बागेतल्या पट्टेदार वाणांनी या जोडीचा गुंता आणखी वाढवला आहे. पानाच्या मधोमध पिवळा पट्टा असलेले 'गोल्डन सॉर्ड' फ्लॅक्सिडाचे मानले जाते, पण ते सर्रास फिलामेंटोसाच्या नावाने विकले जाते. ज्याच्या कडा पिवळ्या ते 'ब्राइट एज'. पट्ट्यांवरून वाणाचे नाव कळते, जातीचे नाही. माझे रोप कुंडीत होते आणि त्याची पाने पहिल्या वर्षापासून वाकलेली होती. मी ते पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून त्याला जास्त पाणी घालत राहिले, ही कबुली इथेच देऊन टाकते.

मला सर्वांत रस वाटतो तो खोड येणाऱ्या बागेतल्या त्रिकुटात: ॲलोइफोलिया, ग्लोरिओसा आणि रिकर्विफोलिया. ॲलोइफोलिया म्हणजे कोरफडीसारख्या पानांची, पण हे नाव वाचून कोणी तिला कोरफडीसारखे हाताळू नये. तिचे पान संगिनीसारखे ताठ, टोकाचा काटा खरोखर रक्त काढणारा आणि कड सबंध लांबीभर बारीक दातेरी असते. इंग्रजीत तिला स्पॅनिश संगीन म्हणतात, ते उगाच नव्हे. फळ मांसल आणि लोंबते. ग्लोरिओसा तिच्याच घाटाची दिसते, पण तिची पाने तुलनेने सपाट, किंचित निळसर छटेची आणि कड जवळजवळ गुळगुळीत असते. कोवळ्या पानावर, विशेषतः टोकाकडे, थोडे विरळ दाते सापडतात आणि जून पानाच्या कडेवरून एखाददुसरा तंतूही सुटतो. वर्षानुवर्षे मला हा प्रकार त्रासदायक वाटत असे: दाते म्हणावेत तर पुरेसे नाहीत, तंतू म्हणावेत तर नावापुरते. मग कळले की हीच तिची ओळख आहे. ग्लोरिओसा हा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर निसर्गतः झालेला संकर आहे. तिचे आईबाप म्हणजे दातेरी कडेची ॲलोइफोलिया आणि तंतुमय कडेची फिलामेंटोसा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे पक्के झाले. एका पालकाचे दाते आणि दुसऱ्याचे तंतू, दोन्ही अर्धवट रूपात एकाच कडेवर दिसतात, आणि ज्याला मी अपवाद समजत होते तोच पुरावा निघाला. तिचे फळही धड मांसल नाही आणि धड उकलणारे नाही. चामड्यासारखे कोरडे होऊन बंदच राहते. एवढेच नव्हे, तर ॲलोइफोलिया पानांची छिद्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते, फिलामेंटोसा ते काम नेहमीच्या रोपांप्रमाणे दिवसा करते आणि ग्लोरिओसा याही बाबतीत दोघींच्या मधे पडते. हे भिंगातून दिसत नाही, पण माहीत असले की कडेवरचा तो अर्धवटपणा अचानक अर्थपूर्ण वाटू लागतो.

रिकर्विफोलियाला आज बरेच जण ग्लोरिओसाचाच एक प्रकार मानतात आणि मलाही ते पटते. कड तशीच, फरक पानाच्या ताठपणात: ग्लोरिओसाची पाने बहुतांशी सरळ बाहेर रोखलेली, हिची मध्यापासून कमानीसारखी खाली वळलेली आणि टोकाचा काटा इतका मऊ की लहान मुले खेळतात त्या जागीही ती लावता येते. मात्र ग्लोरिओसाची जुनी, खालची पानेही वाकतात, म्हणून हा फरक झुपक्याच्या मधल्या पानांवरच तपासावा. इथे मी ठाम नाव देण्याच्या भरीस पडत नाही.

घरातल्या कुंडीत खोडाचे तुकडे रोवून विकला जातो तो युक्का जवळजवळ नेहमीच गिगँटिआ असतो, ज्याला एलिफँटिपिस आणि ग्वाटेमालेन्सिस या जुन्या नावांनीही ओळखतात. कड खरखरीत, टोक मऊ आणि निरुपद्रवी. एवढ्यावर तो ॲलोइफोलियापासून वेगळा होतो. कड गुळगुळीत लागली तर तो युक्का नसून ड्रॅसिना, म्हणजे तसेच दिसणारे दुसरे कुंडीतले झाड, असण्याची शक्यता जास्त. कुंडीत तो नाजूक दिसत असला तरी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत मोकळ्या जमिनीवर दहा मीटर उंच होतो, बुडाशी हत्तीच्या पायासारखा फुगतो आणि त्याचे फूल 1995 पासून एल साल्वाडोरचे राष्ट्रीय फूल आहे.

निळसर पानांचा गोल चेंडू खोडाच्या शेंड्यावर मिरवणारी रोस्ट्राटा अलीकडे फार लोकप्रिय झाली आहे आणि तिच्या नावावर बरेच काही खपवले जाते. तिचे पान अरुंद, जवळजवळ सपाट, लवचीक आणि कडेला ती पिवळी शिंगासारखी पट्टी, तिच्यावर अतिशय बारीक दाते. रिजिडा हीही निळी, हिच्याही कडेला पट्टी, पण पान पन्हळीसारखे खोलगट आणि नावाप्रमाणेच ताठ असते; पान अंगठ्याने वाकवून पाहिले की प्रश्न मिटतो. थॉम्प्सोनियाना लहान पानांची, ठेंगणी आणि लवकर फांद्या फुटणारी असून ती रोस्ट्राटाचेच एक रूप आहे की काय, यावर वाद आहे. रोस्ट्राटा म्हणजे 'चोचवाली'. ही चोच फळाला असते, तेव्हा फळ न धरणाऱ्या बागेत या नावाचा ओळखण्यासाठी काहीच उपयोग नाही. एकदा रोस्ट्राटाची म्हणून घेतलेली तीन रोपे मी दोन वर्षे वाढवली आणि कडेवर टोकाकडे वळलेले आकडे दिसू लागले, तेव्हा ती डॅसिलिरिऑन या दुसऱ्याच वंशाची निघाली. युक्काच्या कडेवर असे आकडे कधीच नसतात. आता अशी रोपे घेताना मी टोकही पाहते, कारण नोलिना या आणखी एका वंशाच्या काही जाती तशाच निळ्या असतात, पण त्यांच्या पानाच्या टोकाला काटा नसतो. टोक वाळून कुंच्यासारखे फाटलेले असते.

'लाल युक्का' म्हणून मिळणारे झाड युक्का नव्हे, हे एका वाक्यात सांगून पुढे जाते: ते हेस्पेरालो या वेगळ्या वंशाचे आहे, त्याच्या कडेलाही पांढरे तंतू सुटतात आणि त्यामुळेच फसगत होते, पण त्याची नळीसारखी लालसर फुले पाहिल्यावर शंका उरत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर फुलणारी व्हिपली मात्र जास्त चकवते. तिची पांढरी घंटेसारखी फुले युक्काचीच वाटतात आणि दीर्घकाळ ती युक्का म्हणूनच नोंदली जात होती. आता ती हेस्पेरोयुक्का या वेगळ्या वंशात आहे आणि जनुकीयदृष्ट्या हेस्पेरालोला अधिक जवळची आहे. फुलाच्या आत डोकावले तर कुक्षी गाठीसारखी आणि बारीक उंचवट्यांनी भरलेली दिसते. युक्काची कुक्षी तीन पाळ्यांची आणि मधे पोकळ असते. शिवाय फुलून झाल्यावर व्हिपलीचा झुपका बहुधा मरतो, तर युक्काचे खोड वा बाजूचे फुटवे जगतात.

जंगलात कड एकटी पुरत नाही, हे मला अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या मोहावी वाळवंटात कळले. पूर्व मोहावीत बकाटा आणि शिडिजेरा एकाच उतारावर शेजारी उगवतात. दोन्हींच्या कडेला जाड, कुरळे, रंध्याच्या भुशासारखे तंतू आणि दोन्हींची फळे मांसल. म्हणजे कोष्टकातले दोन्ही नेहमीचे प्रश्न इथे निरुत्तर. शिडिजेराला खोड येते, कधी चार-पाच मीटरपर्यंत, आणि बकाटा बहुधा जमिनीलगत राहते. पण लहान शिडिजेराला खोड कुठून असणार? रंगाबद्दल मी वर वाईट बोलले आहे, तरी इथे तोच थोडा आधार देतो: शिडिजेरा पिवळसर हिरवी, बकाटा निळसर हिरवी, आणि दोन्ही शेजारीच असल्यामुळे तुलना प्रामाणिक होते. फुले असतील तर मोजावीत. शिडिजेराचे फूल तीन ते पाच सेंटिमीटरचे असते, बकाटाचे पुष्कळदा त्याच्या दुप्पट. बकाटाचे लांब फळ केळ्यासारखे दिसते, म्हणून तिला केळी-युक्का म्हणतात.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातली ग्लॉका आणि नैर्ऋत्येकडची इलाटा यांची पाने अरुंद, कडेला पांढरी रेघ आणि बारीक तंतू. इथे फुलोरा पाहावा. ग्लॉकाची फुले पानांच्या झुपक्यातूनच सुरू होतात आणि दांडा बहुधा बिनफांद्यांचा असतो. इलाटाचा दांडा आधी बराच उंच, मोकळा जातो आणि मग वर फांद्या फोडून फुलतो. मेक्सिकोतल्या उंच वृक्षांत फिलिफेरा दुरूनच कळते, कारण तिचा फुलोरा खाली लोंबतो.

राहिले जोशुआ वृक्ष. पश्चिमेकडची ब्रेव्हिफोलिया आणि पूर्वेकडची जेगेरियाना यांना एकाच जातीचे प्रकार मानत असत. जेगेरियानाला 1935 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मॅककेल्वी यांनी प्रकार म्हणून नोंदवले आणि 2007 मध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा देण्याचा प्रस्ताव आला. ब्रेव्हिफोलियाचे खोड आधी बरेच वर जाते आणि मग फांद्या फुटतात, पाने पस्तीस सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतात. जेगेरियाना जमिनीपासून थोड्या अंतरावरच दुभंगत जाते, तिची पाने सहसा बावीस सेंटिमीटरच्या आत असतात आणि सारे झाड अधिक दाट, गोलसर दिसते. मोहावीतल्या सिमा डोम या घुमटासारख्या उंचवट्यावर ही पूर्वेकडची जाती आहे. तिथे एका झाडाखाली उभे राहून पहिली फांदी माझ्या कमरेच्याही खाली फुटलेली पाहिली, तेव्हा हा फरक नीट पटला. फूलही वेगळे: पश्चिमेचे जवळजवळ गोल, पूर्वेचे लांबट. आणि पतंगही वेगळे, पश्चिमेला टेजेटिक्युला सिंथेटिका, पूर्वेला तिच्यापेक्षा लहान अँटिथेटिका. लहान पतंगाचे अंडी घालण्याचे अवयव आखूड असतात आणि पूर्वेकडच्या फुलाचा कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षी आणि किंजपुट यांना जोडणारा देठ, हाही आखूडच असतो.

नेव्हाडातल्या टिकाबू खोऱ्यात या दोन्ही जाती समोरासमोर येतात आणि त्यांचा संकर होतो. तिथे मधल्या उंचीवर फांद्या फुटलेली, मधल्या लांबीची पाने असलेली झाडे आढळतात, आणि अशा झाडाचे नाव ठरवायला कड, पान किंवा फूल यांपैकी एकटे कोणीच पुरत नाही; ते जनुकांनाच विचारावे लागते.